आभासी जगांतील तालीम

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत पुसेगांव नांवाचें एक गांव आहे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळें महाराष्ट्रभर ठाऊक असलेलें सातारा जिल्ह्यांतील पुसेगांव तें हें नव्हे. हें पुसेगांव मराठवाड्यांतलें, काळ्या मातीच्या मुलखांतलें. येथील कोणत्याहि जाणत्या शेतकऱ्याला विचारावें कीं, नुकताच वयांत आलेला गोऱ्हा ऐन पेरणीच्या दिवशीं तिफणीला जुंपतां येईल काय? तो हंसेल. नव्या गोऱ्ह्याला आधीं मोकळ्या रानांत मानेवर जूं घेण्याची संवय लावतात. जोडीला मुरलेला बैल देतात. मागें ओढावयास एखादा ओंडका बांधतात. गोऱ्हा बिथरला, आडवा गेला, मध्येंच बसला, तरी कांहीं बिघडत नाहीं. ओंडक्याची ओळ वांकडी गेली म्हणून कोणाचें पीक बुडत नाहीं. तिफणीची ओळ मात्र वांकडी गेली तर ती सबंध हंगामभर शेतांत उभी राहते आणि येणाराजाणारा ती पाहतो.

शिकणाराच्या चुकांना स्वस्त जागा करून द्यावी, हें शिक्षणाचें फार जुनें तंत्र आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. मल्लखांब म्हणजे लांकडाचा मल्ल. त्याला कितीहि वेळां कवळावें, त्याच्यावरून कितीहि वेळां घसरावें, तो थकत नाहीं, चिडत नाहीं आणि उलटून कोणाचा हात मोडीत नाहीं. 1929 सालीं अमेरिकेंत एडविन लिंक यानें असेंच एक लटकें विमान तयार केलें. तें एका पेटीच्या आकाराचें असून जमिनीवरच डुलत असे. दुसऱ्या महायुद्धांत हजारों वैमानिकांनीं या पेटींत बसून, बाहेरचें कांहीं न दिसतां केवळ समोरच्या तबकड्यांवर नजर ठेवून उड्डाण करण्याचा सराव केला. पेटींतलें विमान कोसळलें तर विद्यार्थी पुन्हां पहिल्यापासून आरंभ करी. खऱ्या विमानानें त्याला ही सवलत दिली नसती.

आज हेंच तंत्र यंत्रांच्या शिक्षणासाठीं वापरलें जात आहे. कृत्रिम बुद्धि या नांवानें जी विद्या ओळखली जाते, तिची एक शाखा अनुभवानें शिकणाऱ्या यंत्रांची आहे. अशा यंत्राला कोणी नियम पढवीत नाहीं. त्याच्यापुढें एक परिस्थिति ठेवतात. तें कांहीं तरी करून पाहतें. केलेलें साधलें तर त्याच्या खात्यावर गुण जमा होतात, बिघडलें तर वजा होतात. गुण वाढवावे एवढाच त्याचा उद्योग. प्रारंभीं तें अंधारांत चांचपडल्यासारखें वागतें. लाखों प्रयत्नांनंतर त्याच्या वागण्याला वळण लागतें. परंतु हे लाखों प्रयत्न खऱ्या जगांत करूं दिले तर यंत्र मोडेल, माणसें जखमी होतील, आणि वेळहि पुरणार नाहीं. म्हणून संगणकाच्या आंत निव्वळ आंकड्यांचें एक आभासी जग रचतात. त्यांतल्या वस्तु गुरुत्वाकर्षणाच्या नियमानें पडतात आणि घर्षणाच्या नियमानें अडतात. मात्र तेथें दिवसाचें काम क्षणांत उरकतां येतें, आणि मोडलेली वस्तु पुन्हां धड करावयास एक आज्ञा पुरते.

1992 सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. या कंपनींत जेराल्ड टेसॉरो यांनीं बॅकगॅमन हा खेळ एका संगणकाला शिकविला. हा खेळ आपल्याकडील सोंगट्यांच्या पटाचा दूरचा भाऊबंद होय. त्या संगणकाला गुरु नव्हता. तो स्वतःशींच लाखों डाव खेळला आणि अखेर जगांतील उत्तम खेळाडूंच्या पंक्तीजवळ जाऊन बसला. परंतु पटावरच्या खेळाला एक मोठी सोय असते. पट हेंच त्या खेळाचें सगळें जग. त्यांत बाहेरून वारा शिरत नाहीं, सोंगटी झिजत नाहीं, घर निसरडें होत नाहीं. आभासी पट आणि खरा पट यांत भेदच नसल्यामुळें एकावर शिकलेलें दुसऱ्यावर जसेंच्या तसें उपयोगी पडतें.

पटाबाहेर पाऊल टाकलें कीं अडचण सुरू होते. 2018 सालीं ओपनएआय या अमेरिकन संस्थेनें पांच बोटांच्या एका यांत्रिक हाताला लहानसा ठोकळा बोटांत फिरविण्यास शिकविलें. सारी शिकवणी आभासी जगांत झाली. पुष्कळ संगणक एकाच वेळीं कामाला लावून सुमारें शंभर वर्षांचा सराव पन्नास तासांत उरकण्यांत आला. या संशोधकांना एक गोष्ट ठाऊक होती. खऱ्या हाताच्या सांध्यांतली घसट किंवा बोटांवरची पकड आंकड्यांत हुबेहूब उतरविणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं आभासी जग मुद्दामच अस्थिर ठेवलें. ठोकळा कधीं जड, कधीं हलका. पृष्ठभाग कधीं निसरडा, कधीं खरबरीत. एकाच जगाचीं पाठ केलेलीं उत्तरें चालूं नयेत, म्हणजे खरें जग समोर आलें कीं तें अशा अनेक जगांपैकींच एक वाटावें, अशी ही युक्ति होती. 2019 सालीं त्याच हातानें रुबिकचा रंगीत घन फिरवून सोडविला. घन सोडविण्याचें गणित आधींच उपलब्ध होतें. शिकावयाचें होतें तें बोटांना. तथापि इतकी तालीम होऊनहि, पुरता विस्कटलेला घन खऱ्या हाताला पांच वेळांत सरासरीनें एकदांच सुटला. तालमींतलें जग आणि बाहेरचें जग यांतील अंतर तेवढें शिल्लक होतें.

या विद्येचें अत्यंत सूक्ष्म असें एक उदाहरण पुसेगांवच्याच जिल्ह्याशीं नातें सांगतें. औंढा नागनाथ हें नांव मराठी माणसाला ज्योतिर्लिंगामुळें आणि नामदेव व विसोबा खेचर यांच्या कथेमुळें परिचित आहे. त्या औंढ्याजवळ दुधाळा येथें लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें 2016 च्या फेब्रुवारींत तिला तत्त्वतः मान्यता दिली, 6 एप्रिल 2023 रोजीं सुमारें 2,600 कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली, आणि त्याच वर्षीं 11 मे रोजीं पायाभरणीचा समारंभ झाला. पुण्याची आयुका ही संस्था, इंदूरचें राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा या कार्यांत प्रमुख वांटा आहे. अमेरिकेंत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथें अशा दोन वेधशाळा चालूं आहेत. हिंगोलीची वेधशाळा ही त्यांची धाकटी बहीण होईल.

या वेधशाळेंतून कोणी आकाशाकडे पाहत नाहीं. काटकोनांत पसरलेल्या, प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत 40 किलो वजनाचे, बारीक कांचतंतूंवर टांगलेले आरसे, आणि त्या आरशांमध्यें मागेंपुढें धांवणारा लेसरचा प्रकाश, असा हा संसार आहे. विश्वांत कोठें तरी दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं म्हणजे अवकाशांत गुरुत्वीय लहरी उठतात. त्या पृथ्वीवरून जातांना एक नळी किंचित् लांबते व दुसरी आंखूड होते. हा फरक अणूच्या गर्भांतील प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि लहान असतो. अशी पहिली लहर 14 सप्टेंबर 2015 रोजीं सांपडली. सूर्याच्या सुमारें 36 पट आणि 29 पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांचें मीलन होऊन ती उठली होती. 2017 सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक या शोधाबद्दल रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालें.

या शोधाचा एक धागा पुण्याला पोंचतो. लहर सांपडण्याच्या कितीतरी आधीं तिचा आकार कसा असेल तें गणितानें काढावें, असे पुष्कळ आकार तयार ठेवावे, आणि गोंगाटानें भरलेला आलेख त्यांच्याशीं ताडून पाहावा, अशी एक पद्धति आहे. तिची घडण करण्यांत, जयंत नारळीकरांनीं स्थापिलेल्या आयुकेंत डॉ. संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांनीं 1990 च्या सुमारास महत्त्वाचें काम केलें. म्हणजे शास्त्रज्ञांनीं देखील आधीं काल्पनिक लहरींवर तालीम केली आणि मगच ते खऱ्या लहरीला सामोरे गेले.

आतां मूळ अडचणीकडे वळावयाचें. टांगलेला आरसा झुलणारच. शिवाय प्रकाशालाहि दाब असतो. या नळ्यांतला प्रकाश इतका प्रखर असतो कीं त्याच्या दाबानें आरसा कलूं पाहतो. म्हणून त्याचा कल सारखा मोजावा लागतो आणि अगदीं हलका रेटा देऊन तो सरळ ठेवावा लागतो. परंतु रेटा देणाराहि निर्दोष नसतो. डोक्यावर भरली घागर घेऊन विहिरीवरून परतणारी जाणती बाई हात न लावतां चालते. नवशिकी पोर मात्र घागर दोन्ही हातांनीं घट्ट धरते आणि इतक्यांदां सावरते कीं त्या सावरण्यानेंच पाणी सांडतें. आरशाचें तसेंच आहे. सैल सोडला तर तो कलतो. फार सावरला तर सावरण्याचीच थरथर मोजमापांत शिरते. ही थरथर विशेषतः सेकंदाला दहा ते तीस कंपनांच्या पट्ट्यांत उमटते, आणि मोठाल्या कृष्णविवरांच्या लहरींची कुजबुज ऐकावयाची ती नेमकी त्याच पट्ट्यांत.

आरशाला सावरण्याचे नियम आजवर तज्ज्ञ अभियंते हिशोबानें बसवीत आले. गूगल डीपमाइंड, लायगो चालविणारी अमेरिकेंतील कॅलटेक ही संस्था, आणि इटलींतील ग्रान सासो विज्ञान संस्था येथील संशोधकांनीं हें काम अनुभवानें शिकणाऱ्या यंत्राकडे सोंपवून पाहिलें. खऱ्या वेधशाळेंत त्याला चांचपडूं देणें अशक्यच होतें; तेथें एक अजाण रेटा बसला तरी सारी मांडणी विस्कटते आणि निरीक्षण बंद पडतें. म्हणून त्यांनीं संगणकांत आभासी लायगो रचली आणि यंत्राला तींत सोडलें. आरसा सरळ राहिला तर गुण. पण त्या विवक्षित पट्ट्यांत थरथर उमटली तर दंड. नवशिक्या पोरीनें जाणत्या बाईची चाल उचलावी तसें हळूहळू त्या यंत्रानें सावरण्याचें वळण उचललें. मग तें लिव्हिंग्स्टनच्या खऱ्या वेधशाळेंत, आरसे सावरणाऱ्या चक्रांपैकीं सर्वांत अवघड अशा एका चक्रावर बसवून पाहिलें. त्या चक्रांतून येणारी थरथर तीस ते शंभर पटींनीं कमी झाली, आणि आभासी जगांत जें दिसलें होतें तेंच खऱ्या जगांतहि दिसलें. हा वृत्तांत सप्टेंबर 2025 मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

हें यश मोठें आहे. परंतु त्याची मर्यादाहि ध्यानांत ठेवली पाहिजे. तें एका वेधशाळेंतील एका चक्रापुरतें आहे, आणि त्या चक्राचें गणित संशोधकांना अनेक वर्षांच्या मोजणीमुळें बारकाईनें ठाऊक होतें. आभासी जग चांगलें उतरलें तें खऱ्या जगाची ओळख आधीं झालेली होती म्हणून. मल्लखांबावर कितीहि घोटून शिकलेला पहिलवान आखाड्यांत उतरला म्हणजे त्याच्या ध्यानांत येतें कीं खांब उलटा पेंच टाकीत नसे. जें तालमींत नव्हतें तें आखाड्यांत असतें.

हॅनफर्डच्या वेधशाळेंत 2017 च्या उन्हाळ्यांत असाच एक प्रकार घडला. आलेखांत मधूनमधून चमत्कारिक टोकें दिसूं लागलीं. शोध करतां करतां कळलें तें असें कीं, द्रवरूप नायट्रोजन वाहून नेणाऱ्या एका नळीवर बर्फ सांचत होतें आणि तहानलेले डोमकावळे त्यावर चोंची मारीत होते. अब्जावधि प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांचा ठाव घेणाऱ्या यंत्राला कावळ्याची चोंच ऐकूं आली. कोणत्याहि आभासी लायगोंत कोणी कावळा घातलेला नव्हता. तो सांपडला, कारण कोणी तरी यंत्रापासून उठून बाहेर गेलें आणि नळीकडे पाहून आलें.

याच शास्त्रज्ञांनीं स्वतःला लावून घेतलेली एक शिस्त येथें सांगण्यासारखी आहे. 16 सप्टेंबर 2010 रोजीं त्यांच्या आलेखांत एक ठळक लहर उमटली. ती खरी असेल किंवा परीक्षेसाठीं निवडक माणसांनीं गुपचूप घातलेली लटकी असेल, हें इतरांना ठाऊक नव्हतें. शेंकडों संशोधकांनीं अनेक महिने खपून तिची छाननी केली व निबंधहि लिहून तयार ठेवला. 2011 च्या मार्चमध्यें सर्वांसमक्ष बंद पाकीट उघडलें गेलें. लहर लटकी निघाली. कोणाचेंहि श्रम वायां गेले नाहींत, कारण पांच वर्षांनीं खरी लहर आली तेव्हां हीच मंडळी तयार होती. लटक्या गोष्टीवर तालीम करण्यांत कमीपणा नाहीं; मात्र शेवटीं पाकीट उघडावयाचें असतें, आणि काय लटकें व काय खरें तें सर्वांसमोर सांगावयाचें असतें. यंत्राच्या आभासी जगालाहि हाच नियम लागू आहे. तेथें पाकीट उघडणें म्हणजे खऱ्या जमिनीवर, खऱ्या आरशावर चाचणी घेणें.

आणि ही जमीन हिंगोलीची असणार आहे. लिव्हिंग्स्टनच्या दलदलीच्या मुलखावरून रचलेलें आभासी जग औंढ्याला जसेंच्या तसें चालणार नाहीं. येथील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. मृगाच्या सरी पडल्या कीं रानोरानीं ट्रॅक्टर फिरूं लागतात. महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाला हजारों पावलें एकाच दिवशीं त्या भूमीवर पडतात. जिल्ह्यांतून पूर्णा ते अकोला या लोहमार्गावर गाड्या धांवतात. आणि खुद्द भूमीहि अगदीं निःशब्द नाहीं. 21 मार्च 2024 रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास आणि त्याच वर्षीं 10 जुलै रोजीं सातच्या सुमारास 4.5 तीव्रतेच्या धक्क्यांनीं हिंगोली जिल्हा हादरला. घरांतून बाहेर धांवलेल्या माणसांना ती सकाळ अजून आठवत असेल. असे धक्के, आणि याहून फार सूक्ष्म अशी रोजची हालचाल, हेंच येथील आरशांना झुलविणारें खरें बळ. येथील आरसे सावरण्यासाठीं उद्यां यंत्राला तालीम द्यावयाची तर त्या तालमींत हा पावसाळा, ही पेरणी, ही यात्रा आणि हे धक्के आले पाहिजेत. ते कोठल्याहि परदेशी संगणकांत तयार मिळणार नाहींत. ते येथेंच, वर्षानुवर्षें, ऋतूमागून ऋतु मोजून घ्यावे लागतील.

हें मोजण्याचें काम दिखाऊ नाहीं. त्याला बातमीचें महत्त्व मिळत नाहीं, आणि झटपट उरकतांहि येत नाहीं. परंतु यंत्र जें शिकेल तें या मोजणीच्या दर्जाइतकेंच खरें असेल. हिंगोलीच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांना या वेधशाळेंत वांटा मिळावयाचा असेल तर त्याचा एक दरवाजा येथें आहे. कृष्णविवरांचें गणित थोड्यांनाच साधेल. पण आपल्या पायांखालची जमीन केव्हां व कशानें हलते याची प्रामाणिक नोंद ठेवण्याची विद्या पुष्कळांना साधण्यासारखी आहे, आणि स्थानिक माणसाइतकी ती दुसऱ्या कोणाला साधणार नाहीं. हॅनफर्डचा कावळा दिसण्यासाठीं कोणाला तरी बाहेर जावें लागलें; औंढ्याला तसा प्रसंग येईल तेव्हां तेथील पांखरें, पाऊस आणि पायवाटा ओळखणारा माणूस वेधशाळेंत असलेला बरा.

पुसेगांवचा शेतकरी आपल्या गोऱ्ह्याला ओंडक्यावर तयार करतो, तेव्हां त्याच रानाच्या मातींत करतो. तेथल्याच ढेकळांवर गोऱ्ह्याचे पाय ठरतात. पुढें तो गोऱ्हा प्रथम तिफणीला लागतो त्या दिवशीं जोडीला मुरलेला बैल असतो आणि कासरा धन्याच्या हातांत असतो. दोन-चार तासांच्या ओळी सरळ निघाल्या म्हणजे कासरा थोडा सैल पडतो. पण त्या दिवशीं तो हातांतून सुटत नाहीं.